सतरा नंबरच्या मॅडम

अकोला,
३ मार्च २०२५

चि. सुगत,

सप्रेम जयभीम.

फोनवर बोलायला गेलं की तू मधेच हसतोस आणि मला काय सांगायचं होतं तेच मी विसरते, म्हणून पत्र. टपालखातं माझ्या एकटीच्या जिवावर चालतं असं तू म्हणतोस ना, मग चालू दे.

आमच्या शाळेत सध्या तुझं नाव गाजतंय. शनिवारी सगळ्या शिक्षकांकडून तो फॉर्म भरून घेतला. वर छापलेलं, 'शालेय तंत्रज्ञान आराखडा. सल्लागार : सुगत पंजाबराव तेलगोटे, अमरावती.' मी दोनदा वाचलं. बाबा असते तर त्यांनी तो कागद फ्रेम करून घेतला असता. स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना सांगितलं की हा माझा धाकटा भाऊ, याला पाढे मी शिकवले. प्रियदर्शनी म्हणाली, "ताई, मंग तं आपलं काम झालंच समजा."

प्रियदर्शनी तुला आठवते ना? गणित शिकवते. माझ्यानंतर एका दिवसाने ती नोकरीला लागली, म्हणून एकोणीस वर्षं मस्टरवर माझ्या सहीखाली तिची सही असते. आंबेडकर जयंतीला आम्ही दोघी एकाच रंगाची साडी घेतो, ती हीच.

फॉर्म अगदी सोपा होता. माझा पाच मिनिटांत झाला. स्मार्ट बोर्ड, ऑनलाइन गुण, सगळं मी व्यवस्थित वापरते, त्यामुळे माझी काळजी करू नकोस. एवढंच विचारते की संस्थेच्या मनात काय आहे? नवीन मुलं घेणार, जुन्यांना काढणार, असं काहीबाही ऐकू येतं. यांचं दुकान बंद झाल्यापासून घर माझ्यावर आहे, हे तुला सांगायला नको. आणि घराचं सोड, सत्तेचाळिसाव्या वर्षी मराठीच्या बाईला दुसरी शाळा कोण देतो?

आईला गुडघ्याचं तेल वेळेवर लाव म्हणावं.

तुझी ताई,
भावना

---

अमरावती,
११ मार्च २०२५

ताई,

जयभीम. पत्र मिळालं. पोस्टमन मला विचारत होता, "साहेब, कोर्टाचं काही आहे का?" हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट त्याने बऱ्याच दिवसांनी पाहिलं म्हणे.

तुला काळजीचं कारण नाही. मी स्वतः हा आराखडा करतोय आणि तो चांगला करतोय. या खाजगी शाळावाल्यांची एक खोड असते. आधी वस्तू घेतात, मग तिचं काय करायचं ते विचारतात. अध्यक्ष खुशालरावांच्या चारही शाळा मी फिरून आलो. वरूडच्या संगणक कक्षात अध्यक्षसाहेबांच्या संत्र्यांची खोकी आणि खोक्यांवर बसलेला शिपाई. चांदूर बाजारला प्रोजेक्टरला दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार अजून वाळून लटकतोय, वरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. मी अध्यक्षांना सांगितलं की आता एक रुपयाची वस्तू घेऊ नका. आधी कोणाला काय येतं ते पाहू, वीज किती तास असते ते पाहू, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार ते ठरवू. मग तीन वर्षांचं प्रशिक्षण आणि वस्तू सगळ्यात शेवटी. म्हणून तो फॉर्म. नाव लिहायचं नाही, नुसता नंबर, म्हणजे लोक खरं लिहितील.

आणि काय खरं लिहिलंय ग! चारही शाळांचे मिळून एकशे बारा फॉर्म माझ्याकडे टाइप होऊन आले आहेत आणि ऑफिसात आम्ही पोटं धरून हसतोय. त्यातही पहिला नंबर तुमच्या अकोल्याचा. अ-१७. तुला उतरवून पाठवतो, एकटीने वाच, चहा पिताना वाचू नकोस.

प्रश्न : स्मार्ट बोर्ड वापरता का? उत्तर : 'एकदा वापरला. पुसायला गेले तर सगळा धडाच गेला. तेव्हापासून मी त्याला नमस्कार करते आणि शेजारी खडूने लिहिते.'

प्रश्न : ऑनलाइन गुण कोण भरतं? उत्तर : 'मी कागदावर लिहून देते, एक सहकारी भरते. ती रजेवर गेली की तो कागद मी पर्समध्ये घेऊन फिरते.'

प्रश्न : सराव कसा करता? उत्तर : 'घरी कपाटाच्या दारावर खडूने बोर्डाचं चित्र काढलं आहे. कोणतं बटण कुठे आहे ते बोट लावून पाठ करते.'

कपाटाच्या दारावर! मी तर म्हटलं, या बाई पोहायला सतरंजीवर शिकल्या असतील. आणि शेवटचं तर ऐक. प्रश्न : प्रशिक्षण घ्यायला आवडेल का? उत्तर : 'हो. कोणी हसणार नसेल तर.'

आता सांग, हे वाचून कोण हसणार नाही? आम्ही त्यांचं नाव 'सतरा नंबरच्या मॅडम' ठेवलंय. रोज सकाळी एकजण तरी स्क्रीनला नमस्कार करून काम सुरू करतो. कोण ग ही बाई? तुला नक्की माहीत असेल. नाव सांग, मी कोणाला सांगणार नाही.

सुगत

---

अकोला,
१९ मार्च २०२५

चि. सुगत,

जयभीम. पत्र वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच गिचमिड आहे.

त्या बाई कोण ते मला ठाऊक नाही. आमच्या शाळेत चाळीस शिक्षक आहेत, कोणीही असेल. पण मला वाटतं, जी कोणी असेल तिने खरं लिहिलं, आणि तू खरंच मागितलं होतंस. कपाटावर चित्र काढून पाठ करणारी बाई शिकायला तयार आहे असा त्याचा अर्थ होत नाही का? तुझ्या आराखड्यात तिच्यासाठी जागा हवी. तिची थट्टा ऑफिसात केलीस ते केलीस, पुढे नेऊ नकोस. मोठी बहीण म्हणून सांगते.

आणखी एक गोष्ट तुला माहीत असावी. नंबर चिठ्ठ्या टाकून द्या असं तू कळवलं होतंस म्हणे. आमच्याकडे तसं झालं नाही. आमचा क्लार्क श्याम, त्याने मस्टर उघडलं आणि वरून खाली हाका मारल्या. या शाळेत चहासुद्धा मस्टरप्रमाणे येतो, त्याला दुसरं काही सुचतच नाही. ज्यांना संगणकावर भरता येत नव्हतं त्यांनी तोंडी सांगितलं आणि त्याने टाइप केलं. म्हणजे कोणता नंबर कोणाचा ते मस्टर उघडलं की कोणालाही कळेल. हे तू कुठेतरी नोंदव, किंवा ते नंबर खोडून टाक. तुझ्या हातात आहे तोवर कर.

मी नववीच्या पेपरांत गुंतले आहे. उत्तर लवकर दे.

तुझी ताई,
भावना

---

अमरावती,
२ एप्रिल २०२५

ताई,

जयभीम. उशीर झाला. परवा संस्थेची बैठक होती, तिची तयारी करत होतो.

मी चाळीस पानं वाचून दाखवायला गेलो होतो. अध्यक्षांनी चौथ्या पानावर हात वर केला. खुशालराव म्हणाले, "तेलगोटे, तीन वर्सं यायले शिकवत कायले बसता? गाडी जुनी झाली तं आपन गॅरेजमधी किती दिवस ठेवतो? ज्याले येते त्याले ठेवा, ज्याले येत नाही त्याले घरी पाठवा. अन् नवीन पोट्ट्ये घ्या." मी म्हटलं, साहेब, आराखडा प्रशिक्षणाचा आहे. ते म्हणाले, "मंग आता यादीचा करा."

तर आता तो यादीचा झाला आहे. चारही शाळांतून सर्वांत कमी गुणांचे अकरा शिक्षक, नव्या सत्रात त्यांना बोलवायचं नाही. नंबर मस्टरप्रमाणे आहेत हे तू मला सांगण्याआधी अध्यक्षांना माहीत होतं. त्यांनीच श्यामला तसं सांगितलं होतं. मोठा हुशार माणूस. मी चिठ्ठ्यांचं लिहिलं होतं म्हणजे माझे हात स्वच्छ आहेत.

आणि तू म्हणतेस थट्टा पुढे नेऊ नको, पण ताई, ती नेल्यामुळेच बैठक तरली. सगळे अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहत बसले होते. मी पडद्यावर अ-१७ लावला. 'त्याला नमस्कार करते.' आधी खजिनदार हसले, मग सगळे. अध्यक्षांच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, "ही बाई तं आपल्याले पयले पाह्यजे." यादीत त्यांनी स्वतःच्या पेनाने तिला पहिला नंबर दिला. पुढचं काम मला तिथेच मिळालं, चारही शाळांची तीन वर्षांची देखभाल. एका अर्थी सतरा नंबरच्या मॅडमनी माझं घर उभं केलं. भेटल्या तर पेढे देईन.

कठोर वाटेल तुला. पण ज्याला जमत नाही त्याने बाजूला व्हावं. वर्ग काय कोणाच्या म्हातारपणाची सोय आहे का? तुला जमतं, तू टिकलीस. बस.

अंतिम यादी पंचवीस एप्रिलला द्यायची आहे. आई विचारते, सुट्टीत येतेस का?

सुगत

---

अकोला,
७ एप्रिल २०२५

सुगत,

अ-१७ मी आहे.

आता हस.

पहिल्या पत्रात मी तुला खोटं सांगितलं. मला काही येत नाही. तुझ्यासमोर कबूल करायची लाज वाटली, कारण तू हसतोस. तू लहानपणापासून हसतोस आणि मी लहानपणापासून ते गोड मानून घेते. पण फॉर्मवर तुझं नाव होतं. मी श्यामच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसले आणि मनात म्हटलं, आपल्या भावाचं काम आहे, यात खोटं भरलं तर त्याचा हिशेब चुकेल. म्हणून मी खरं सांगितलं. कपाटाचंही सांगितलं. ते यांनासुद्धा माहीत नव्हतं, त्यांना वाटायचं मी नक्षी काढते. काल मी ते ओल्या फडक्याने पुसून टाकलं.

तुझं पहिलं पत्र मी स्टाफरूममध्ये वाचलं. प्रियदर्शनी विचारत होती, "ताई, काय लिवलं भावानं, हासून राह्यल्या तुमी?" मी खरंच हसत होते. काय करू?

मला तुझा राग आलाय, फार आलाय, पण तो मी आता बाजूला ठेवते, कारण मला नोकरी हवी आहे. मला रस्त्यात लोक मॅडम म्हणतात. मेडिकलवाला माझा विद्यार्थी, तलाठी माझा विद्यार्थी. त्यांना मी काय सांगू, बोर्डाला नमस्कार करते म्हणून मला काढलं? मी घरी बसले तर यांच्या समोरच्या खुर्चीत बसून भिंतीकडे पाहत राहीन. मी ते पाहिलंय, दीड वर्ष रोज पाहतेय. मला ते नको.

यादी अजून तुझ्याकडे आहे. मला तीतून काढ. कसं काढायचं ते मला माहीत नाही, विचारायचंही नाही. तू ज्यांना पेढे देणार होतास त्या बाई हे तुझ्याकडे मागत आहेत.

भावना

---

अमरावती,
१५ एप्रिल २०२५

ताई,

पत्र मी ऑफिसात उघडलं होतं, उठून बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. नुकताच एका पोराने स्क्रीनला नमस्कार केला होता. मी त्याच्यावर उगाच खेकसलो.

मला माफ कर म्हणायची सोय नाही, तरी म्हणतो.

आता कामाचं. तुला नुसतं काढता येत नाही. ती बाई अध्यक्षांच्या लक्षात बसली आहे, ते पहिल्यांदा तिलाच शोधतील. पण त्यांच्या लक्षात नंबर नाही, उत्तरं आहेत. नमस्कार, कपाट, सहकारी. ती उत्तरं यादीत दिसली की झालं, नंबर कोणाचा ते पाहायला त्यांना मस्टर उघडावं लागतं. त्यांनी पेनाने खूण केलेली यादी आणि बैठकीच्या पडद्यावरचा कागदही माझ्याकडेच आहे. म्हणून मी काल, सुट्टी होती, ऑफिसात कोणी नव्हतं, दोन ओळींची अदलाबदल केली. तुझी उत्तरं आता अ-१८ समोर आहेत आणि अठराची तुझ्यासमोर. अठराची उत्तरं उत्तम आहेत, सगळं येतं त्या बाईला. म्हणजे तू वाचलीस.

अठरा कोण आहे? मी मुद्दाम पाहिलं नाही. मस्टर माझ्याकडे नाही आणि मला माहीत करून घ्यायचंही नाही. पण तू शाळेत असतेस. तिचं नोकरीवर काही अडलेलं नसेल, शेतीवाडी असेल, निवृत्तीला आली असेल, तर ठीक. तसं नसेल तर मला कळव, मी दुसरी एखादी ओळ पाहतो, चाळीसातून कोणीतरी सापडेल. पंचवीस तारखेपर्यंत माझ्या हातात आहे. एक ओळ उत्तर दे.

जयंतीची मिरवणूक कशी झाली? इथे आई खुर्ची टाकून रस्त्यावर बसली होती, तिने तुझी फार आठवण काढली.

सुगत

---

अकोला,
२० एप्रिल २०२५

चि. सुगत,

जयभीम. पत्र मिळालं. जिवात जीव आला. तुझा राग होता तो गेला असं समज.

अठरा कोण ते मला नक्की माहीत नाही. मस्टर ऑफिसात असतं, आपण आपल्या ओळीवर सही करून निघतो. बहुतेक बाहेरगावाहून येणाऱ्या कोणी मॅडम असाव्यात, त्यांची शेती आहे असं ऐकते. तू आता काही बदलू नकोस. पुन्हा पुन्हा हात लावलास तर कोणाच्या तरी लक्षात येईल.

मिरवणूक छान झाली. या वर्षी आम्ही पांढऱ्यावर निळे काठ घेतले होते. प्रियदर्शनीने माझ्या निऱ्या काढून दिल्या आणि गर्दीत हात धरून ठेवला. नववीचे गुण तिनेच भरून दिले, मी कागद दिला.

आईला सांग, सुट्टीत येईन.

तुझी ताई,
भावना

---

अमरावती,
१४ मे २०२५

ताई,

तुला माहीत होतं.

काल दुपारी बेचाळीस डिग्रीत एक बाई अकोल्याहून एसटीने ऑफिसात आली. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात संस्थेचं पत्र. मी ओळखलं नाही. तिनेच सांगितलं, "दादा, मी प्रियदर्शनी. भावनाताईच्या शाळेतली." मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ती म्हणाली, "मले नोकरी मागाची नाही तुमाले. मले फक्त माही ओळ दाखवा. मी काय लिवलं होतं ते मले पाठ आहे. अठरा नंबर होता माहा."

मग तिने म्हणून दाखवलं, एकेक उत्तर. स्मार्ट बोर्डवर भूमितीच्या आकृत्या कशा काढते, दोन वर्गांचे गुण कसे भरते, बोर्ड अडकला तर कोणती वायर काढून लावते. शब्दन् शब्द तोच, जो मी माझ्या हाताने तुझ्या नंबरासमोर ठेवला. मी काय केलं सांगू? म्हटलं, संस्थेचा कागद आहे, दाखवता येत नाही. ती म्हणाली, "बरं." मग थोडा वेळ रडली. तोंडाला रुमाल लावून, आवाज न करता, म्हणजे बाहेर पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून. जाताना म्हणाली, "भावनाताई वाचल्या हेच बरं झालं. त्यायले कठीण गेलं असतं. त्यायचे गुण मीच भरत होती ना." मला चक्कर आल्यासारखं झालं.

एकोणीस वर्षं तुझ्या सहीखाली तिची सही, हे तू मला स्वतः लिहिलं होतंस. माझ्या ध्यानात राहिलं नाही, तो माझा गाढवपणा. पण मी तुला स्पष्ट विचारलं होतं. पाच दिवस हातात होते. शेतीवाल्या मॅडम म्हणे! तू शांतपणे बसून ते लिहिलंस, आणि खाली लिहिलंस की तिने माझ्या निऱ्या काढल्या. तुला झोप कशी लागते?

अजून वेळ गेलेली नाही. नवीन माणसं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घेणार आहेत. टाइप करताना ओळ खालीवर झाली असं मी अध्यक्षांना सांगू शकतो. ती परत येईल. मग तुझं काय होईल ते तुलाही माहीत आहे. मी तुझ्यासाठी दुसरं काहीतरी पाहीन, माझ्या ऑफिसात ये, काहीही कर. फक्त तू हो म्हण. तुझ्या एका शब्दावर मी उद्या त्यांच्याकडे जातो.

सुगत

---

अकोला,
२० मे २०२५

चि. सुगत,

जयभीम.

झोप येते. तू विचारलंस म्हणून सांगते. पहिले चार दिवस आली नाही, आता येते.

तुला चक्कर आली, वाईट वाटलं, कारण ती तुझ्या समोरच्या खुर्चीत बसून रडली. सतरा नंबरच्या मॅडम समोर नव्हत्या, तर त्यांचं तू महिनाभर खेळणं केलंस. त्या कोण आहेत हे कळल्यावर तुला पाझर फुटला, त्या कशा आहेत हे वाचून फुटला नव्हता. मी तुझ्यावर चिडून लिहीत नाही. मी मुलांना धडा शिकवते तसं सांगते, नीट वाच.

तू म्हणतोस, मी हो म्हटलं की तू अध्यक्षांकडे जाशील. चूक तुझ्या हाताने झाली आहे, सांगायची तर तू सांग. माझा होकार कशाला हवा? माझी नोकरी गेली की तुला म्हणता येईल, ताईनेच सांगितलं. आणि नाही गेली तरी म्हणता येईल, ताईनेच अडवलं. मला हे दोन्ही करायचं नाही. तुला जायचं असतं तर ती ऑफिसात असतानाच तू फोन उचलला असतास. तू म्हटलंस, कागद दाखवता येत नाही. चार शाळांचं तीन वर्षांचं काम तुझ्याही डोळ्यांसमोर होतं. आपण एकाच आईची मुलं आहोत, सुगत, फार लाजू नकोस.

प्रियदर्शनी रविवारी माझ्याकडे आली होती. तुझ्याकडून आल्यावर तिच्या मनात कोर्टात जायचं आलं होतं. माहितीच्या अधिकारात फॉर्म मागवायचा असं तिच्या पुतण्याने सांगितलं. मी तिला चहा दिला, पोळी-भाजी खाऊ घातली. म्हटलं, भांडलीस तर खुशालराव दार कायमचं लावून घेतील, त्यांना नमतं घेतलेलं आवडतं. एक अर्ज दे, विनंतीचा. ती म्हणाली, "ताई, तुमीच लिवून द्या, माह्यानं असं मराठी होत नाही." मी लिहून दिला.

चांगला लिहिला. एकोणीस वर्षांची सेवा, विद्यार्थ्यांवरचं प्रेम, सगळं घातलं. आणि मध्ये एक वाक्य घातलं : 'सर्वेक्षणात मी दिलेली उत्तरे खरी असून मला संगणकाचे पुरेसे ज्ञान नाही याची मला नम्र जाणीव आहे, तरी मला शिकण्याची एक संधी द्यावी.' तिथे ती थांबली. "ताई, पन मले तं येते ना?" मी म्हटलं, तुला येतं हे साऱ्या शाळेला माहीत आहे, अर्जात नम्रपणा लागतो. ती म्हणाली, "तुमाले जास्त समजते." आणि सही केली. मग तिने अर्ज पुन्हा मोठ्याने वाचला आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, तुमच्यासारखं कोणाला लिहिता येत नाही.

सोमवारी मी स्वतः तिच्याबरोबर ऑफिसात गेले. श्यामने आवकचा शिक्का मारला. संध्याकाळीच अध्यक्षांनी त्यावर शेरा दिला, 'अर्जदारास मान्य. विषय बंद.' आता तिने कुठेही जाऊन काहीही म्हटलं तरी तिच्या सहीचा कागद तिथे आहे. तुझ्या त्या दोन ओळी कोणी उघडून पाहणार नाही.

शिक्क्यासह एक प्रत सोबत जोडली आहे. तुझ्या फाइलला लावून ठेव, कोणी विचारलं तर उपयोगी पडेल.

तुझी ताई,
भावना